बोरघाट घरात उभा करायचाय: गाड्या बघणाऱ्यांसाठी आणि मॉडेल करणाऱ्यांसाठी धागा

घाटवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाड्या बघणारे आणि गाड्यांची मॉडेलं करणारे, दोन्ही प्रकारचे लोक इथे भरपूर आहेत. पण धागे नेहमी वेगवेगळे निघतात. इकडे "आज डेक्कनला ऑफलिंक (नेहमीचं सोडून दुसरंच) इंजिन होतं" म्हणून फोटो, तिकडे "एचओचा ट्रॅक स्वस्तात कुठे मिळेल" म्हणून चौकशी. हा धागा दोघांसाठी काढतोय, कारण मला दोघांचीही गरज आहे. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीलगत बोरघाटाचा एक तुकडा बांधायला घेतलाय. फळी ३.६ मीटर लांब, ६० सेंमी रुंद. स्केल एचओ, म्हणजे १:८७, सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान.

बोरघाटच का, ते सांगतो. आपल्याकडे मॉडेलची सुरुवात बहुतेक वेळा परदेशी संचाने होते. गोल किंवा लांबट रूळ, मध्ये आल्प्समधलं घर, बर्फाळ डोंगर आणि त्यातून फिरणारी निळी गाडी. तेही छान दिसतं. पण त्या गाडीला तिथे काहीच काम नसतं, ती नुसती फिरते. घाटात प्रत्येक गाडीला काम असतं. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण २५ किलोमीटरात १,८३१ फूट चढायचं, तेही काही ठिकाणी १:३७ च्या चढाने, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हा मार्ग १८६३ साली सुरू झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच वारला आणि ठेका त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने पुढे चालवून पुरा केला. ज्यांनी प्रत्यक्ष कातळ फोडला त्या मजुरांची नावं कुठेच नाहीत. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा तेवढी लोकांनी जपली आणि घाटात त्याचं देऊळ आहे.

मला मॉडेलमध्ये पकडायचंय ते कर्जतचं काम. पुण्याकडे जाणारी गाडी येऊन थांबते. शेवटच्या डब्याच्या मागून दोन-तीन बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी इंजिनं, एकमेकांना जोडलेली, अगदी सावकाश सरकत येतात. शेवटचा हातभर अंतर राहिलं की थांबतात, खालचा माणूस बघतो, हात करतो, मग पुन्हा सरकतात आणि कपलर बसतो. तो धक्का शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या चहाच्या कपापर्यंत पोचतो. पुढून हॉर्न, मागून उत्तर, आणि गाडी दोन्ही टोकांकडून एकदम हलते. वडेवाला तोवर दार सोडून उतरलेला असतो. हे ज्याने फलाटावर उभं राहून नीट बघितलंय त्यालाच ते फळीवर जमेल, असं माझं ठाम मत आहे.

आता अडचणी. १:३७ चा चढ म्हणजे माझ्या पूर्ण भिंतीत जेमतेम पावणेदहा सेंमी उंची मिळते. मागून ढकलणारं इंजिन वळणावर डबे रुळावरून पाडतं. आणि मापाचा तर मोठाच घोळ आहे. जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

---

कसारा_लोकल

मस्त धागा, वाचनखूण साठवली. थळघाटाला विसरू नका राव! कसारा ते इगतपुरीसुद्धा १:३७ च आहे आणि तिथेही कसाऱ्याला बँकर लागतात. एहेगावचा उंच पूल मॉडेलवाल्यांसाठी अगदी तयार विषय आहे. पूर्वी इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे. गाडी बराच वेळ उभी, लोक खाली उतरून पाय मोकळे करतायत, आणि आम्ही दोन-चार मुलं इंजिनांचे नंबर वहीत लिहितोय. मुंबई विभागात १,५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आली आणि ते सगळं संपलं.

एक कळकळीची विनंती. बँकरचे फोटो आणि व्हिडिओ आत्ताच काढून ठेवा. दिल्लीची राजधानी २०१९ पासून मध्य रेल्वेवरून धावते, ती दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-७ जातीची विजेची इंजिनं लावून बँकरशिवाय घाट चढते. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत सुरू झाल्या, त्यांच्या तर डब्यांखालीच मोटारी आहेत. आज कर्जत-कसाऱ्याला जे रोज दिसतं ते पुढे किती दिसेल, सांगता येत नाही.

---

मापवेडा

घाटवेडा, मापाचं सविस्तर लिहितो, कारण इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात.

आपलं ब्रॉडगेज, म्हणजे रुळाच्या जोडीतलं अंतर, १,६७६ मिमी. १:८७ मध्ये ते १९.२६ मिमी होतं. बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ मिमीचा आहे, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिमी स्टँडर्ड गेजसाठी काढलेला. म्हणजे त्या ट्रॅकवर १:८७ चा भारतीय डबा ठेवला की रूळ जवळजवळ १४ टक्के अरुंद पडतात. समोरून बघितलं की लगेच कळतं, डबा रुळांच्या बाहेर ओथंबल्यासारखा दिसतो.

यातून वाटा तीन. १९.२६ मिमीचा ट्रॅक हाताने बनवायचा, स्लीपर कापून, रूळ डाग देऊन. काम सुंदर होतं, पण सांधे (गाडी एका लाईनीवरून दुसरीवर नेणारे) बनवताना वर्ष जातं. दुसरी वाट म्हणजे ट्रॅक १६.५ चाच ठेवून बाकी सगळं १:१०२ मध्ये बांधायचं. मग गेज तंतोतंत बसतं, पण इंजिनापासून माणसापर्यंत काहीही तयार मिळत नाही. तिसरी, सगळे करतात ती, १:८७ च्या गाड्या १६.५ वर आणि बाजूने बघायचं. माझा स्वतःचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पण तुमचा भर कामकाजावर असेल तर तिसरीच घ्या. बँकर लावणं-काढणं दिवसातून दहा वेळा करायचं असेल तर विश्वासाचा तयार ट्रॅक हवा.

लांबीचंही बघून घ्या. आयसीएफ, म्हणजे जुन्या रचनेचा डबा, बफरसकट (टोकाच्या धक्का झेलणाऱ्या दट्ट्यांसकट) २२.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये २५६ मिमी. एलएचबी, म्हणजे नव्या रचनेचा डबा, २४ मीटर, म्हणजे २७६ मिमी. २४ डब्यांची एलएचबी गाडी इंजिनासह पावणेसात मीटरच्या वर जाते, तुमच्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट. सहा डबे, पुढे एक आणि मागे दोन इंजिनं घेतली तरी २.३ मीटरच्या पुढे. उरलेल्या सव्वा मीटरमध्ये गाडी हलणार कुठे? चार डब्यांवर या.

एलएचबीचा एक फायदा आहे. तिला बफर नसतात, मधला सीबीसी कपलर असतो, त्यामुळे कॅडी या मॉडेल कंपनीचा कपलर लावला की तो खऱ्यासारखा दिसतो. आयसीएफच्या बफर-स्क्रू कपलिंगला ते शोभत नाही.

---

घाटवेडा

मापवेडा, मनापासून आभार. कागदावर चार डबे फारच कमी वाटतायत, पण हिशोब बरोबर आहे. तिसरीच वाट घेणार. इंजिनांपैकी डब्ल्यूडीएम-२ हे जुनं डिझेल आधी करायचं ठरवलंय, कारण लहानपणी पुणे स्टेशनात तिचाच आवाज कानात बसला.

---

मापवेडा

मग चेसिससाठी अमेरिकन अल्को आरएसडी मालिकेतलं सहा धुऱ्यांचं मॉडेल शोधा. डब्ल्यूडीएम-२ ही अल्कोचीच रचना, १९६२ पासून आपल्याकडे आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. तिच्या बोगीतले (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातले) तीन धुरे सारख्या अंतरावर नसतात, एक बाजू जवळ आणि एक लांब. इतर कंपन्यांच्या सहा धुऱ्यांच्या बहुतेक चेसिसमध्ये अंतर सारखं असतं आणि वरचं शरीर कितीही छान रंगवलं तरी खालून ते ओळखू येतं. आवाजासाठी अल्को २५१ चा साउंड डीकोडर (मॉडेलच्या आत बसणारी चिप) मिळतो. तो सुस्त असतानाचा धडधड आणि नॉच घेतल्यावरची, म्हणजे जोर वाढवल्यावरची, ती खोल धाप, दोन्ही त्यात आहेत.

---

नीलिमा_डोंबिवली

मी डोंगरवाली आहे, गाड्यांमधलं मला जेमतेम कळतं. नवरा गाड्या चालवतो, मी कडे बांधते. :-)

घाटवेडा, कृपा करून परदेशी व्हिडिओ बघून खडक करू नका. त्यांचे खडक राखाडी, तिरकस, टोकदार असतात. सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांचा आहे, लाव्हारसाचे एकावर एक बसलेले थर. मध्येच एखादा मऊ, तांबूस पट्टा असतो आणि नेमकं त्याच पट्ट्यावर गवत धरतं. प्लास्टर ओतताना मी जुन्या थर्माकोलच्या पट्ट्या आडव्या चिकटवून घेते, म्हणजे पायऱ्या आपोआप येतात. वाळायच्या आधी जुन्या सुरीने उभ्या भेगा पाडायच्या. रंग सरळ काळा देऊ नका. आधी तपकिरी, मग पातळ काळा वरून सोडायचा, तो भेगांत जाऊन बसतो, आणि शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर अगदी हलका करडा.

ऋतू आधी ठरवा! एप्रिलचा घाट आणि ऑगस्टचा घाट या दोन वेगळ्या जागा आहेत. उन्हाळा घेतलात तर वाळकं गवत म्हणून सुतळी बारीक कापून वापरा. पावसाळा घेतलात तर लाकडाचा भुसा हिरव्याच्या चार-पाच छटांत रंगवून चाळून ठेवा, एकाच हिरव्याने सगळं रंगवलं की कडा खोटा दिसतो. जमिनीसाठी धुऊन कडक वाळवलेला चहाचा चोथा उत्तम, पण पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते. पाण्याच्या धारा स्वच्छ सिलिकॉनच्या: प्लास्टिकच्या कागदावर ओढायच्या, वाळल्या की सोलून कड्यावर चिकटवायच्या. बोगद्याच्या तोंडावरची घडीव दगडाची कमान मी पुठ्ठ्यात करते. प्रत्येक दगड वेगळा कापून चिकटवला की कडांवर सावली पडते, नुसत्या छापील कागदाने ती येत नाही.

आणि फळी मरीन प्लायची घ्या. आमच्याकडे एमडीएफची होती, दमट हवेत कडा फुगून रूळ वरखाली झाले.

---

अण्णा_लोको

मुलांनो, हे सगळं वाचून फार बरं वाटलं. माझी बरीच नोकरी घाटात गेली, आधी असिस्टंट म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून. आता लोको पायलट म्हणतात.

चढायचं तुम्ही सगळ्यांनी लिहिलं. उतरायचं कोणीच लिहिलं नाही. आमच्यासाठी खरी परीक्षा उतरणीची. मुंबईकडे येणारी गाडी ती अप. कागदावर अप आणि प्रत्यक्षात डोंगर उतरतेय. घाटात ठरलेल्या ठिकाणी कॅच सायडिंग आहेत, म्हणजे मुख्य रुळातून फुटून उलट चढावर जाणारी आणि तिथेच संपणारी लाईन. सांधे एरवी त्या सायडिंगकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी तिथे येऊन उभी राहायची, ब्रेक ताब्यात आहे हे दाखवायचं, मगच सांधा मुख्य रुळाकडे फिरायचा आणि सिग्नल मिळायचा. ज्या गाडीचे ब्रेक गेले ती थांबणारच नाही, मग ती आपोआप चढाच्या सायडिंगवर जाऊन थांबते. पुढचं स्टेशन, पुढची गाडी वाचते.

तुमच्या मॉडेलमध्ये हे नक्की करा. लोकांना वाटतं गाडी उगाच रानात उभी आहे. दाखवा त्यांना ती का उभी आहे ते.

चढताना पहिला पाऊस सगळ्यांत वाईट. धो-धो पावसाने रूळ धुऊन निघतात, त्याचं काही नाही. पण पहिल्या रिमझिमीत रुळावरची धूळ आणि तेल यांचा लेप होतो आणि चाक जागच्या जागी फिरायला लागतं. वाळू सोडायची, पण बेताने. पुढच्याने जोर कमी केला तर मागच्याला ते कळायला हवं, नाहीतर मधल्या डब्यांवर दाब येतो. घाटवेडा, तुझे डबे वळणावर पडतात त्याचं कारणही हेच आहे बघ. मागचा जास्त ढकलतोय.

---

घाटवेडा

अण्णा काका, नमस्कार! कॅच सायडिंग माझ्या आराखड्यात नव्हतीच, आता ती मध्यभागी येणार. सांध्याला टायमर लावता येईल. गाडी सेन्सरवर येऊन ठराविक वेळ उभी राहिली तरच सांधा फिरेल, नाहीतर नाही. काका, मोटरमन-ड्रायव्हर मंडळींनी असं सविस्तर लिहिलेलं मराठीत फार कमी मिळतं. तुम्ही लिहीत राहा, आम्ही विचारत राहू.

---

हायडलबर्गकर

डीसीसीवाल्यांसाठी (मॉडेल डिजिटल पद्धतीने चालवणाऱ्यांसाठी): अण्णांनी सांगितलेलं फळीवर तसंच लागू होतं. दोन्ही इंजिनं आधी डब्यांशिवाय, एकामागे एक हातभर अंतराने पळवा आणि डीकोडरमधला वेगाचा तक्ता जुळवा. मग बँकरचा वेग किंचित कमी ठेवा आणि त्याचं बॅक-ईएमएफ बंद किंवा अगदी कमी करा. ते चालू असलं की डीकोडर आपला वेग राखायचा हट्ट धरतो आणि पुढच्या इंजिनाशी भांडतो. डब्यांचं वजनही सारखं करा. हलका डबा मध्ये आला की तोच आधी बाहेर पडतो.

आता घाटाशी जोडलेली एक गोष्ट. इथे जर्मनीत मॉडेलच्या दुकानात गेलं की काचेत हमखास दिसतं ते स्वित्झर्लंडचं 'क्रोकोडाइल' इंजिन, गॉटहार्डच्या चढासाठी केलेलं, दोन्ही बाजूंना लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे. मार्कलिन या मॉडेल कंपनीचं ते सगळ्यांत ओळखीचं मॉडेल असावं. त्याच घराण्यातलं इंजिन बोरघाटात होतं! १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे विजेवर आलं, तेव्हा जीआयपी या रेल्वे कंपनीने मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एसएलएम कंपनीच्या रचनेची दांड्यांची इंजिनं आणली, पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी तिला नाव दिलं 'खेकडा'. मला इथल्या क्लबमध्ये हे सांगताना फार अभिमान वाटतो, आणि ऐकणारे खुर्ची पुढे ओढून घेतात.

इथली एक पद्धत आपल्याला उपयोगी आहे. हॅम्बुर्गचं मिनियाटूर वुंडरलांड हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन सगळ्यांना माहीत असतं, २००१ पासूनचं, किलोमीटरच्या किलोमीटर रूळ. पण ते एका जागचं. सामान्य हौशी लोक 'फ्रेमो' पद्धतीने मॉड्यूल करतात. प्रत्येकाने घरी एक-दीड मीटरचा तुकडा बनवायचा. दोन्ही टोकांच्या पाट्यांचं माप, रुळाची उंची आणि वायरिंग ठरलेलं. वर्षातून एक-दोनदा एखाद्या गावातला हॉल घ्यायचा आणि सगळे तुकडे जोडून खऱ्या वेळापत्रकाने गाड्या चालवायच्या. कोणी स्टेशनमास्तर, कोणी ड्रायव्हर. मुंबई-पुण्याच्या घरांत पूर्ण घाट कुणालाच बसणार नाही. पण पळसदरी एकाने, ठाकूरवाडी दुसऱ्याने, मंकी हिल तिसऱ्याने, असं केलं तर?

---

कसारा_लोकल

+१००. कर्जतचं टोक माझं. आधीच सांगून ठेवतो.

---

नीलिमा_डोंबिवली

मंकी हिल आमच्याकडे. कड्याला हात लावायला दुसरं कुणी येऊ नका!

---

मिरजेचा_पाहुणा

सगळे घाटात अडकलेत म्हणून थोडं अवांतर. मापाचा त्रास नको असेल तर नॅरोगेजकडे या. बार्शी लाइट रेल्वेचं गेज २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. १:८७ मध्ये ८.७६ मिमी. एन स्केलचा (एचओपेक्षा लहान मापाचा) तयार ट्रॅक ९ मिमी. फरक डोळ्याला दिसत नाही! वरच्या गाड्या एचओच्या, खालचा ट्रॅक एनचा, सगळं मापात.

आणि विषय तरी केवढा. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत लाईन नेली. त्याचं सूत्र होतं की इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही धुऱ्यावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलक्या रुळावरही मोठी गाडी चालते. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेल्या त्या गाडीचं मॉडेल कुणी केलंय का? मी करतोय. एचओमधला माणूस दोन सेंमीचा, त्याच्या खांद्यावर पताका म्हणजे शिवणाच्या सुईच्या टोकाएवढी काडी आणि त्याला भगव्या कागदाचा तुकडा. डोळे दुखतात, पण सोडवत नाही.

मिरजेला एकेकाळी तिन्ही गेज होते, ब्रॉड, मीटर आणि नॅरो. एकाच फळीवर तिन्ही करायला मिळतील असं दुसरं स्टेशन महाराष्ट्रात मला तरी सुचत नाही.

---

वऱ्हाडी_शिट्टी

राजेहो, आमच्या नॅरोगेजच्या शकुंतला गाडीचं नाव कोनीच घेतलं नाही! मूर्तिजापूर-यवतमाळ आन् मूर्तिजापूर-अचलपूर. मँचेस्टरमधी १९२१ साली बनलेलं झेडडी इंजिन १९९४ पावतर वाफेवर चाललं. आमच्या आबाजींनी त्या गाडीतून कापूस बी नेला आन् वऱ्हाड बी नेलं. आता गाडी बंद हाय, रुळात बाभळी उगवल्या. मिरजवाले भाऊ, तुमचा तो ९ मिमीचा हिशोब आमालेही लागू पडते. मले झेडडीचं ड्रॉइंग पाहिजे, कोनाजवळ असन तं सांगा. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम हाय, तिथं जाऊन बाकीच्या गाड्यायचे फोटो घेऊन ठेवले मीनं.

---

गोंयचो_प्रवासी

मडगावहून लिहितोय. तुमचा १:३७ आमच्याकडेही आहे, कॅसलरॉक ते कुळें, दूधसागरचा घाट. पूर्वी मीटरगेज होतं, आणि १९६१ पर्यंत कॅसलरॉक म्हणजे पोर्तुगीज हद्दीच्या वेशीवरचं स्टेशन.

पण मी एका वेगळ्या गोष्टीसाठी लिहितोय. दर पावसाळ्यात शेकडो पोरं रुळांवरून चालत दूधसागरला जातात आणि स्वतःला रेलफॅन म्हणवतात. पूल अरुंद, बोगद्यात बाजूला व्हायला जागा नाही, धबधब्याच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांच्यामुळे फलाटावर शांतपणे कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडेही पोलीस संशयाने बघतात. धाग्यात नवीन मुलं वाचत असतील तर कृपया एवढं पाळा: फलाट तिकीट काढा, पिवळ्या रेषेच्या आत राहा, पादचारी पुलावरून किंवा बंद फाटकाच्या अलीकडून फोटो घ्या. सेल्फी स्टिक विजेच्या तारेखाली वर करू नका. २५,००० व्होल्टला स्पर्श लागत नाही, जवळ गेलं तरी ती ओढून घेते.

---

अण्णा_लोको

गोव्याच्या भावाने लिहिलंय ते प्रत्येकाने दोनदा वाचा. वळणावरून बाहेर आलं आणि रुळात मोबाइल धरून उभं पोर दिसलं की ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. इमर्जन्सी लावली तरी गाडी कितीतरी पुढे जाऊनच थांबते. तेवढा वेळ आम्ही नुसते बघत असतो. घरी गेल्यावर जेवण जात नाही. याहून जास्त लिहीत नाही.

---

आईची_धावपळ

इतक्या जाणकारांत विचारायला संकोच वाटतोय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला गाड्यांचं वेड आहे. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ त्याला लांबून ओळखू येतात. नातेवाईक म्हणतात यात काय अभ्यास होणार. त्याच्यासाठी काय करावं? महागडा संच आत्ता परवडणार नाही.

---

घाटवेडा

ताई, संकोच कसला! त्याला एक वही द्या. इंजिनाचा नंबर, शेड, गाडी, वेळ, किती उशीर, एवढं लिहायला सांगा. नावातली अक्षरं समजावून द्या: पहिलं अक्षर गेज, डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय मीटर, झेड आणि एन नॅरो. दुसरं इंधन, ए म्हणजे एसी, डी डिझेल. तिसरं काम, पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही. मग डोळ्यांसमोरून जाणारी प्रत्येक गाडी तो वाचायला लागेल. रविवारी तासभर फलाटावर तुम्ही सोबत बसा, दहा रुपयांचं तिकीट.

पुण्यात असाल किंवा कधी आलात तर कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय दाखवाच. १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, पूर्ण चालतं एचओ शहर. रात्र होऊन घराघरांत दिवे लागतात तेव्हा मोठी माणसंही गप्प बसतात. जे लोक या छंदात आले त्यांतले बरेच तिथून घरी येऊन पुठ्ठ्याचा डबा करायला बसले. पुठ्ठ्यानेच सुरुवात करा. २५६ मिमी लांब, ३७ मिमी रुंद. खिडक्या त्यानेच मोजून पाडायच्या. ८७ ने भागायला लागला की गणिताची काळजी नको.

---

जुने_नकाशे

उशिरा येतोय. घाटवेडा, तुमच्या ३.६ मीटरवर एक तोडगा आहे. खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन करा.

१८६३ पासून १९२९ पर्यंत गाडी सरळ चढून जात नव्हती. खंडाळ्याजवळ कड्याच्या टोकाशी येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवी लाईन, नवे बोगदे झाले आणि ते बंद पडलं. फळीवर हे सोन्यासारखं आहे. खालचा पट्टा डावीकडून उजवीकडे साधारण २.६ मीटर चढवा, ७ सेंमी मिळतात. उजव्या टोकाला सपाट स्टेशन. तिथून वरचा पट्टा उजवीकडून डावीकडे, आणखी ७ सेंमी. गोल वळण नाही, वरखाली जाणारा स्क्रू नाही, ६० सेंमी रुंदी पुरते. शिवाय त्या काळातले चारचाकी डबे आखूड, एचओमध्ये साधारण बोटभर. चार डब्यांवर रडायची गरज नाही. घाटासाठी सॅडल टँक (पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली) वाफेची इंजिनं होती, ब्रिटिश सॅडल टँकच्या मॉडेलवरून जवळपास जाता येईल.

---

घाटवेडा

वाचून रात्रभर झोप लागली नाही, असं म्हटलं तरी चालेल.

माझं म्हणणं होतं की बघितलेलं तेच बांधावं. रिव्हर्सिंग स्टेशन आपल्यापैकी कुणीच चालताना बघितलेलं नाही. पण आराखडा कागदावर काढला आणि लक्षात आलं की गाडीला काम हवं ही माझी अट यात पूर्ण बसते: इंजिन सुटणार, वळसा घेऊन दुसऱ्या टोकाला लागणार, उतरताना कॅच सायडिंगपाशी थांबणार. म्हणून ठरवलं. घरच्या भिंतीवर १८६३ ते १९२९ चं खंडाळा. आणि सगळ्यांनी मिळून करायच्या मॉड्यूलांत आजचा बँकरवाला घाट. त्यातली कॅच सायडिंग मी करणार.

मॉड्यूलचं प्राथमिक माप असं सुचवतो: लांबी १.२ मीटर, टोकाची पाटी ५० सेंमी रुंद, दोन लाईनींमधलं अंतर ६० मिमी, १८ मिमी मरीन प्लाय. चढ प्रत्येक मॉड्यूलमध्ये १:३७, म्हणजे एका टोकापेक्षा दुसरं टोक ३२ मिमी वर, ते पायांच्या उंचीने सांभाळायचं. घाटात प्रत्यक्षात तीन लाईन आहेत, आपण अप आणि डाउन अशा दोनच घेऊ. हायडलबर्गकर, तुमच्याकडच्या वायरिंगच्या प्लगचा प्रकार कळवा. सामान पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत लोहार चाळीत बघतो.

अण्णा काका, एक शंका. खालच्या पट्ट्यावर कॅच सायडिंग दरीच्या बाजूला काढू की कड्याच्या?

---

अण्णा_लोको

कड्याच्या बाजूला काढ. गेलेली गाडी डोंगरात जाऊन थांबली पाहिजे. टोकाला वाळूचा ढीग आणि बफर ठेव. आणि सांध्याचा टायमर चुकूनही हाताने फिरवता येईल असा ठेवू नकोस.

---

मापवेडा

दोन लाईनींत ६० मिमी एलएचबीला सरळीवर पुरेल, वळणावर नाही. २७६ मिमीचा डबा मधोमध आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात. वळणाची त्रिज्या ९० सेंमीच्या खाली नेऊ नका आणि तिथे अंतर ६५ करा. टोकाच्या पाटीचा नकाशा रविवारपर्यंत इथेच टाकतो.